घरटी एक पाटी

जुईनगर स्टेशनाबाहेर मासळीवाल्या बायका बसतात तिथे, भर दुपारी, चंद्राबाईने माझ्या थोबाडीत मारली. हात ओला होता. गालावर बोय माशाचे खवले चिकटले आणि कान बराच वेळ वाजत राहिला. मला मार नवीन नाही. आमच्या घरात मी दोरीचा, पट्ट्याचा, एकदा तर वल्ह्याच्या तुटक्या दांड्याचा मार खाल्ला आहे आणि धाकट्या निकेशला तो सगळा सव्याज परत केला आहे. पण तोंडावर मला आजवर कुणीच मारलं नव्हतं, त्यामुळे लागलं त्यापेक्षा नवल जास्त वाटलं. आधी मनात आलं, बरं झालं, कोयती तिच्या दुसऱ्या हातात होती. मग मनात आलं, आपणही एक ठेवून द्यावी. माझा हात वर गेलाही होता. शेजारच्या बाईने तो धरला आणि म्हणाली, "जाव दे गो, म्हातारी हाय." मी हात खाली घेतला, पण तो अजून शिवशिवत होता, हे मान्य करायला हवं.

मी तिला एवढंच विचारलं होतं, "काकी, तुमच्या घरातून पाटी कोण न्यायचं?" हा प्रश्न मी तिवरी बेटावरच्या प्रत्येक घराला विचारला आहे. मी पीएचडी करते, आधुनिक राजकीय इतिहासात, आणि माझा विषय आहे बेटाची ओळख. विषयाचं पूर्ण नाव इतकं लांबलचक आहे की आई ते कुणाला सांगायच्या भानगडीत पडत नाही. "रंजिता बेटावर डॉक्टर व्हतेय" म्हणून मोकळी होते. बेट म्हणावं असं आता तिथे काही उरलेलं नाही. नवं शहर आलं, जमिनी गेल्या, खाडीचा एक फाटा भरावाखाली गेला आणि तिवरी जमिनीला चिकटलं. लोकांना बोनकोड्याच्या कडेला प्लॉट मिळाले, त्यावर चार-चार मजले चढले, भाडेकरू आले. तरी आम्ही स्वतःला बेटकर म्हणतो. लग्नाच्या पत्रिकेवर छापतो, गाडीच्या काचेवर लावतो. आणि वर्षातून एकदा, चैत्री अमावास्येला दुपारी उधाणाची भरती लागली की, घरटी एक माणूस चिखलाची एक पाटी घेऊन जुन्या खारबांधावर जातो. बांधाच्या आत आता भातही नाही आणि मीठही नाही, रस्ता आहे, टॉवर आहेत. तरी रांग लागते, आणि शेंदूर लावलेल्या दगडापाशी प्रत्येक जण आपली पाटी ओततो. पाटी म्हणजे हल्ली सिमेंटचं काळं घमेलं. शब्द तेवढा जुना राहिला आहे.

त्या दगडाखाली माझा काका आहे. कान्हाकाका, बाबांचा थोरला भाऊ. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की जमिनी वाचवायच्या लढ्याच्या दिवसांत बांधाला खांड पडली, खारं पाणी भातात घुसायला लागलं, आणि चिखल टिकेना तेव्हा काका स्वतः खांडीत आडवा झाला. गावाने त्याच्यावर पाट्या टाकल्या आणि बांध वाचवला. पहिली पाटी दर वर्षी आमच्या घरची असते, हा मान आहे. ती पडेपर्यंत रांगेतल्या कुणीही पाऊल पुढे टाकायचं नाही. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण यावर आहे. नंदिनी मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्या सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. ते वाचून त्यांनी चष्मा काढला होता. काकाची बायको दुसरं लग्न करून निघून गेली असं घरात सांगायचे. मी तिला जुईनगरात शोधून काढलं. लग्नबिग्न काही केलेलं नव्हतं. मासळी विकत होती. मला इतका आनंद झाला होता की मी जाताना तिच्यासाठी साडी घेतली होती.

"कोन न्यायचं?" मारून झाल्यावर ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. "तुजा बाप न्यायचा. माज्या नवऱ्यावर पयली पाटी तुज्या बापानं टाकली. त्याला जा इचार."

"ते मला माहीत आहे, काकी. खांड बुजवायला..."

"जित्ता व्हता," ती म्हणाली. "हातपाय बांदून टाकला त्याला. आनी तू मना इचारतं, माज्या घरातून कोन न्यायचा."

मग ती बोय साफ करायला लागली. गिऱ्हाईक उभं होतं आणि तिला धंदा करायचा होता. पोट फाडून आतलं काढत, डोकी छाटत ती सांगत होती, आणि मी फुटपाथवर उकिडवी बसून ऐकत होते. सरकारी मोजणीवाले तीनदा खाडीतल्या तिवरांच्या झाडीत वाट चुकून परत गेले होते. कान्हाने त्यांना ओहोटीची पायवाट दाखवली. नोकरीची आशा दाखवली होती कुणीतरी. गावकी बसली आणि कान्हा फितूर ठरला. खांड बुजवायची होतीच. बायकांना घरात कोंडलं. "मी माल्यावर चढून कौला काडली आनी बगितला," ती म्हणाली. "दुपार व्हती. सगला दिसत व्हता." तिने त्या गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे मोजून दिले. माझी साडी तिने घेतली नाही, परतही केली नाही. ती तिथेच टोपलीच्या बाजूला पाण्यात भिजत पडली.

मी रिक्षात बसले. मी गाल चोळत होते आणि मला बाबांचा मार आठवत होता. बाबा मारायचे तेव्हा आधी आमची मान खाली दाबायचे. पाठीवर, पायांवर, ढुंगणावर, कुठेही. तोंडावर कधीच नाही. आई त्याचंही कौतुक सांगायची, तोंड सांभालून मारतो म्हणून. आमच्या बिल्डिंगचा पहिला स्लॅब टाकला तेव्हा मी आठवीत होते. मिक्सर फिरत होता, बायका डोक्यावरून घमेली आणून ओतत होत्या, नारळ फुटला होता, पेढे आले होते. बाबा एकदम खाली बसले आणि त्यांनी ओकून सगळं पोट रिकामं केलं. मग उठून त्यांनी एका बिगारी मजुराला बदडलं. त्याने काय केलं होतं ते कुणालाच कळलं नाही. तो माणूस दोन्ही हात तोंडावर धरून कोपऱ्यात मुरकुटला होता आणि बाबा त्याचे हात ओढून काढत ओरडत होते, "हात काड, बग माज्याकडं, बग." उष्णतेने डोकं फिरलं असं सगळ्यांनी ठरवलं. मी पण तेच ठरवलं. हे सगळं माझ्या समोर होतं, माझ्या घरात होतं, आणि मी चार वर्षं बाहेरच्या लोकांना प्रश्न विचारत हिंडत होते. स्वतःच्या हुशारीचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

महाप्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती तेव्हा मी नंदिनी मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रंजिता, भयंकर आहे हे. पण एका व्यक्तीची साक्ष आहे, तीही कौलातून बघितलेली. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय. तू असं कर, हे तळटिपेत घे. 'या घटनेविषयी वेगळं कथनही आढळतं.' पुरावा मिळाला तर बघू." मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर रिक्षावाल्याच्या सीटवर मी इतक्या जोरात बुक्की मारली की त्याने मागे वळून, "ओ मॅडम, उतरा खाली," म्हटलं. मला त्याची मान मुरगळावीशी वाटली. मॅडमची नाही, बाबांचीही नाही. या कुणाच्या कोण माणसाची. आमचं सगळं असंच चालतं, ज्याने काही केलं नाही त्याला आधी. मी उतरले आणि बाकीचा रस्ता उन्हात चालत गेले.

बाबांच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. खिडकीशी खुर्ची, शेजारी वॉकर. यंदा ते बांधावर जाऊ शकणार नव्हते, म्हणून पहिली पाटी मी न्यायची असं गावकीने ठरवलं होतं. बेटाच्या इतिहासात प्रथमच बाई पाटी नेणार. कुंदनशेठने, जे आता गावकीचे अध्यक्ष आहेत आणि बिल्डर आहेत, माझ्या फोटोचा फ्लेक्सही लावला होता. अमावास्या उद्यावर आली होती. मी चपला न काढता आत गेले आणि बाबांच्या समोर उभी राहिले.

"चंद्राबाई भेटली," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या गालाकडे बघितलं. बोटांचे वळ असावेत. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद नाही केला. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली. तिला माहीत होतं. तिच्या हातातला पोळपाट तिने छातीशी धरला होता, त्यावरून मला कळलं.

"काकाला बांधलं होतं?"

"व्हय."

"तुम्ही टाकली पहिली पाटी?"

"पयली घरचीच पायजे व्हती. गावकीनं सांगितला तसा." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "माजा बाप तापानं पडला व्हता. घरटी एक मानूस. आमच्या घरात मीच मानूस. मना मिशी पन नव्हती."

"नाही म्हणायचं ना. पळून जायचं. पाण्यात उडी मारायची. काय वाट्टेल ते करायचं." मी ओरडत होते. शेजारच्या भाडेकरूंनी टीव्ही बंद केला असावा, कारण अचानक फार शांत वाटलं.

"मग दुसरे दिशी आमाला टाकला असता. सगल्या घराला." बाबांचा हात वॉकरच्या दांड्यावरून वर-खाली फिरत होता. "तो मना बगत व्हता. काय बोलला नाय. सगली मानसा पाट्या घेऊन हुबी. बंडू, कुंदनचा बाप, ज्यांच्यासंगं तो लगोऱ्या खेलला, सगली. म्हनून मी तोंडावर टाकली."

"म्हणून म्हणजे?"

"त्यानं मनाच बगितला. बाकी कुनाला बगायची पाली त्याच्यावर येव नये." ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे कोरडे होते आणि मला त्याचाच संताप आला. "मनाच बगितला त्यानं. बस."

मी समोरचा पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर मारला. तो बाबांच्या डोक्यापासून वीतभर लांबून गेला. नेम चुकला की मी चुकवला हे मला आजही सांगता येणार नाही. बाबा हलले नाहीत. आई पुढे आली, तांब्या उचलला, फडक्याने भिंत पुसली. "उद्या पाटी टाक आनी ये," ती म्हणाली. "निकेशचं लगीन करायचंय आपल्याला. गावात ऱ्हायचंय." जेवायला बोलवावं तसं ती हे बोलली, आणि तिच्या त्या आवाजाने मी जितकी घाबरले तितकी बाबांच्या बोलण्याने घाबरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. जाणार नाही असं मी पहाटेपासून स्वतःला सांगत होते आणि तरी मी नाकात नथ घातली, पायात काही घातलं नाही. बांधावर जाताना एका बाजूला टॉवरच्या काचा आणि दुसऱ्या बाजूला तिवरं, आणि तिवरांमधून वर चढणारं पाणी. मला हे दृश्य नेहमी फार आवडायचं. प्रकरणाची सुरुवात मी यावरच केली आहे. या वेळी मी फक्त लोकांचे हात बघत होते. बंडूकाकांचे हात, ज्यांनी मला पोहायला शिकवलं. बँकेत काम करणाऱ्या केतनचे मऊ हात. त्याचे वडील वारले म्हणून यंदा तो आला होता. या सगळ्यांच्या घरातून तेव्हा एकेक हात आला होता. एकट्याने केलं असतं तर कुणी सांगितलं असतं, दारू पिऊन का होईना बरळला असता. सगळ्यांनी केलं म्हणून ते काम झालं, आणि कामाचं मग व्रत झालं, आणि त्या व्रतावर मी दोनशे पानं लिहिली. आम्हाला बेटकर करणारी गोष्ट मी शोधत होते. ती मला सापडली होती. पाण्याने वेढलेली जमीन भराव घातला की संपते; हे संपत नाही.

निकेशने फोनवर बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता, त्यांना घरून दिसावं म्हणून. कुंदनशेठने तो फोन हातात घेतला आणि माझ्यावर धरला. "धर्मा, बघ रे, पोरगी कशी उभी हाय," ते म्हणाले. चिखल भरलेली पाटी माझ्या हातात आली. ऊन लागून तो चिखल कोमट झाला होता. मी दगडापाशी गेले, पाटी बाजूला ठेवली, चिखल भरायचं फावडं उचललं आणि दगडाच्या मुळाशी घाव घातला.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मानपानाचा काही भाग असेल असं वाटलं असावं. वरचा थर कडक होता, फावडं उडून नडगीला लागलं, रक्त आलं. दगड कलला तेव्हा मागे कुजबुज झाली. पण कुणी पुढे येईना. पहिली पाटी पडेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. एवढी सगळी माणसं, त्यांच्यातली निम्मी जिममध्ये जाणारी, आपापल्या पाट्या धरून आहे तिथे उभी होती. मला हसू आलं. मी गुडघाभर खाली गेले. खालचा चिखल काळा आणि मऊ होता, त्याला कुजक्या अंड्यांचा वास होता, आणि तळातून पाणी झिरपायला लागलं होतं. पुरावा, मी दर घावाला म्हणत होते. पुरावा. फावड्याखाली एकदा काहीतरी कटकन वाजलं आणि मी वाकून हाताने चाचपलं. ती शिंपली होती. मी तिचा चुरा केला. मला काकाचं हाड हवं होतं, मॅडमच्या टेबलावर ठेवायला. आणि हेही खरं की मला ते या सगळ्यांच्या तोंडावर फेकून मारायचं होतं.

"रंजिता, काय करतेस तू? वर ये," कुंदनशेठ म्हणाले. "पाणी चढतंय. लोक थांबलीत."

"थांबू दे. मी काकाला बाहेर काढतेय."

"पाटी टाक आधी. मग काय बोलायचं ते बोलू आपण. गावकीत बसून बोलू."

"गावकीत बसूनच तर मारलात त्याला." मी हे रांगेकडे बघून म्हणाले, मोठ्याने. केतनचा चेहरा पांढरा पडला. त्याला खरोखरच काही माहीत नसावं. बंडूकाका मात्र पाटीतल्या चिखलाकडे बघत राहिले. भरतीचं पाणी बांधाच्या बाहेरच्या अंगाला चपाचप लागत होतं. कुणाचा तरी फोन वाजला आणि कट केला गेला.

कुंदनशेठने माझी पाटी उचलली आणि निकेशच्या हातात दिली. "माणूस बदलला तरी चालतं," ते म्हणाले. "घर बदलत नाही."

निकेश खड्ड्याच्या काठावर आला. पाटी खुणेच्या जागेवरच पडायला हवी, आणि खुणेच्या जागेवर मी होते. त्याच्या मानेवर अजून माझ्या नखाचा जुना व्रण आहे, लहानपणी मी त्याला मारलं तेव्हाचा. "दीदी, निघ ना," तो हळूच म्हणाला. "प्लीज. मला टेन्शन येतंय. निघ ना बाहेर." मी मान वर केली आणि त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हे मोडेल. एका माणसाने एका माणसाकडे नीट बघितलं की ते मोडतं असं मला वाटत होतं. बाबांच्या बाबतीतही मला तेच वाटत होतं. मी निघाले नाही.

कुंदनशेठने फोन तोंडाजवळ नेला. "धर्मा, तुझ्या घरची पाटी राहिलीय. काय करायचं ते सांग."

फोनमधून आमच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता, आणि आई काहीतरी पुटपुटत होती. मग बाबा बोलले. आवाज फाटका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"निकेश. तोंडावर नको टाकू."

निकेशने डोळे मिटले. चिखल माझ्या मानेवर आणि पाठीवर पडला, कोमट आणि फार जड, आणि मी हातांवर पुढे पडले. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, कुणीतरी धावून येईल, निदान निकेश तरी खाली उतरेल. बांधावर काहीच आवाज झाला नाही. मग मला पायांचा आवाज आला. पहिली पाटी पडली होती, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.